न्यूरेंबर्गच्या सरड्याचं दप्तर



न्यूरेंबर्ग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना नाताळचा बाजार, लेबकुखनचे डबे आणि किल्ल्याजवळचं ड्युररचं घर आठवतं. मुलं बरोबर असतील तर रेल्वेचं संग्रहालय. त्याच शहरात कित्येक वर्षं एक हिरवा सरडा मुक्कामाला आहे. ‘सुसे’ नावाच्या लिनक्सचं ते बोधचिन्ह. नाव वाचून आपण ‘सुसे’ म्हणतो. जर्मन माणूस ‘जरा’मधल्या ‘ज’सारखा आवाज काढून ‘जूजे’च्या जवळपास काहीतरी म्हणतो. आपण आज सोयीचं ‘सुसे’च ठेवू.

ज्यांचा संगणकाशी संबंध व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेपुरता आहे त्यांनीही उठून जाऊ नये. आजची गोष्ट मुळात दप्तराची आहे. हजारो माणसांनी मिळून चालवलेल्या कामाची नोंद कोणी आणि कशी ठेवायची, आणि उत्तम चाललेलं दप्तर वीस वर्षांनी बदलायची वेळ आली तर काय होतं, याची.

२ सप्टेंबर १९९२ रोजी चार तरुणांनी कंपनी काढली: रोलांड ड्यूरॉफ, टोमास फेर, बुर्खार्ड श्टाइनबिल्ड आणि हुबर्ट मांटेल. त्यातले तिघं अजून गणिताचे विद्यार्थी होते. फेर तेवढे शिक्षण संपवून नोकरीला लागलेले. ‘सॉफ्टवेअर उंड सिस्टेम-एंटविक्लुंग’, म्हणजे सॉफ्टवेअर आणि प्रणाली विकास, या अगदी सरकारी वाटणाऱ्या नावाची आद्याक्षरं घेऊन ‘एस. यू. एस. ई.’ तयार झालं. लिनक्स तेव्हा जेमतेम एक वर्षाचं होतं. हेलसिंकीच्या लिनुस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये गाभा लिहिला होता, पण तो घरच्या संगणकावर बसवायचा म्हणजे फ्लॉप्यांची चळत आणि भरपूर सहनशक्ती लागायची. या मंडळींनी आधी दुसऱ्यांची तयार संकलनं वाटायला घेतली. पॅट्रिक व्होल्कर्डिंगच्या ‘स्लॅकवेअर’वर आधारलेली त्यांची जर्मन आवृत्ती १९९४ मध्ये आली. १९९६ मध्ये फ्लोरियान ला रोश यांच्या ‘युरिक्स’वर उभी केलेली आवृत्ती आली, आणि तिला क्रमांक दिला ४.२. डग्लस ॲडम्सच्या कादंबरीत विश्वाच्या कोड्याचं उत्तर ४२ असतं, म्हणून. गणिताच्या पोरांचा विनोद, दुसरं काय.

आता ही कंपनी नेमकं करते काय? लिनक्सचा गाभा एकाचा, छपाईचा प्रोग्राम दुसऱ्याचा, ब्राउझर तिसऱ्याचा, अक्षरं चौथ्याची. हे सगळे जगभर विखुरलेले, एकमेकांना न विचारता आपापल्या नव्या आवृत्त्या काढणारे. या हजारो गोष्टी गोळा करायच्या, एकमेकींशी जुळवायच्या, बांधून द्यायच्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांची डागडुजी करत राहायची, याला वितरण म्हणतात. बांधलेल्या प्रत्येक वस्तूला म्हणतात पॅकेज. पॅकेज तयार करण्यासाठी चार गोष्टी लागतात. मूळ लेखकाकडून आलेलं सोर्स कोडचं गाठोडं, ज्याला ‘टारबॉल’ म्हणतात. ते कसं बांधायचं याची कृती. आपण मारलेली ठिगळं, म्हणजे पॅच. आणि चौथी गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी: बदलांची रोजनिशी. तारीख, बदल करणाऱ्याचा पत्ता, आणि काय व का बदललं त्याच्या दोन-चार ओळी. सुसेच्या काही पॅकेजांच्या रोजनिशा नव्वदच्या दशकापर्यंत मागे जातात. ती माणसं कधीच दुसरीकडे गेली, नोंदी आहेत.

इथे आपल्या गावाकडची एक गोष्ट आठवा. सातबारा उतारा आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. पण ती त्याच्या नावावर कशी आली, खरेदीनं, वारसानं की वाटपानं, हे सांगते गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. प्रत्येक फेरफाराला क्रमांक, तारीख, कारण. तलाठी नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. भांडण लागलं की वकील सातबाऱ्यावर थांबत नाही, जुने फेरफार काढायला सांगतो. संगणकाच्या जगात या फेरफार नोंदवहीला ‘आवृत्ती नियंत्रण’ म्हणतात. तुमच्या संगणकावर आज जे चालतं तो सातबारा. ते तिथवर कसं आलं, कोणी लिहिलं आणि कोणी मंजूर केलं, हे फेरफारात.

सुरुवातीला सुसेचं हे सगळं दप्तर कंपनीच्या भिंतींच्या आत होतं. पॅकेजं बांधणारी ‘ऑटोबिल्ड’ नावाची यंत्रणा फक्त नोकरीवरची माणसं चालवायची. मग मालक बदलायला लागले. अमेरिकेतल्या नॉव्हेलनं नोव्हेंबर २००३ मध्ये २१ कोटी डॉलरला सुसे घेत असल्याचं जाहीर केलं. २००५ च्या ऑगस्टमध्ये ‘ओपनसुसे’ प्रकल्प सुरू झाला आणि बाहेरच्या स्वयंसेवकांना दार उघडलं. पण आत येऊन काम करायचं कुठे? त्यासाठी नवी यंत्रणा हवी होती. २००६ च्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या ‘फॉसडेम’ मेळाव्यात ‘बिल्ड सर्व्हिस’ लोकांसमोर आली. आज तिला ‘ओपन बिल्ड सर्व्हिस’ म्हणतात.

ही यंत्रणा त्या काळाच्या मानानं फार पुढची होती. तुम्ही घरी बसून कृती आणि गाठोडं पाठवायचं. कारखाना कोऱ्या, बंदिस्त जागेत पॅकेज बांधून, त्यावर सही करून परत देणार. एकाच सोर्सपासून सुसेसाठी, फेडोरासाठी, डेबियनसाठीही. एखादं मूलभूत पॅकेज बदललं की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजं आपोआप पुन्हा बांधली जाणार. वर ‘ओपनक्यूए’ नावाचा तपासनीस रोज आख्खी प्रणाली बसवून, पडदे पाहून, सगळं जागेवर आहे का ते बघणार. एवढी शिस्त असल्यामुळेच ‘टंबलवीड’ हे सतत बदलत राहणारं वितरण उभं राहू शकलं. २०१४ मध्ये ते ओपनसुसेच्या ‘फॅक्टरी’ या मुख्य प्रवाहाशी एकत्र झालं.

आणि या कारखान्यातच फेरफार नोंदवहीही होती. सुसेच्या लोकांनी ती स्वतः घडवलेली. ‘ओएससी’ नावाच्या हत्यारानं तिच्यात नोंद करायची. तिची घडण ‘सबव्हर्जन’ या त्या वेळच्या लोकप्रिय पद्धतीसारखी: नोंदवही एकच, मध्यवर्ती, सर्व्हरवर. नोंद करायची तर त्या सर्व्हरपर्यंत पोचायला हवं.

पण २००५ च्या एप्रिलमध्येच दुसरीकडे काहीतरी घडलं होतं. लिनक्सच्या गाभ्याचं काम ज्या ‘बिटकीपर’वर चालायचं त्याची फुकट वापराची सोय काढून घेतली गेली. टोरवाल्ड्सनं वैतागून काही आठवड्यांत स्वतःची नोंदवही लिहिली: ‘गिट’. तिच्यात मध्यवर्ती प्रत असं काही नाही. प्रत्येकाकडे पूर्ण नोंदवही, पहिल्या फेरफारापासून. प्रत्येक नोंदीवर तिच्या मजकुरातून आणि आधीच्या नोंदीतून निघालेला ठसा, त्यामुळे मागचं एक अक्षर कोणी बदललं तर पुढचे सगळे ठसे बिघडतात. पुढच्या दहा-बारा वर्षांत सॉफ्टवेअरचं बहुतेक जग गिटवर गेलं. फेडोरानं २०१० मध्ये पॅकेजांचं दप्तर गिटवर हलवलं, जेंटूनं २०१५ मध्ये, आर्चनं २०२३ मध्ये.

सुसेला उशीर झाला. का झाला, हे मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात बोलकं वाटतं. फेडोरा आणि जेंटू ज्या ‘सीव्हीएस’वर होते ती जुनाट आणि किरकिरी होती, ती सोडताना कोणी रडलं नाही. सुसेची पद्धत चांगली होती. नोंदवही आणि कारखाना एकमेकांत घट्ट विणलेले होते. नोंद केली की बांधकाम सुरू, मंजुरी मिळाली की पॅकेज पुढच्या टप्प्यात. जे चालतं ते मोडायला कोण पुढे येणार?

सोलापूर-लातूर भागातली मंडळी ऐकत असतील तर त्यांना बार्शी लाइट रेल्वे आठवेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची, अडीच फुटी रुळांची. १८९७ मध्ये सुरू झाली तेव्हा अरुंद रुळांवर किती वजन नीट ओढता येतं हे तिनं दाखवून दिलं. तिच्यात तिच्यापुरतं काहीच चुकीचं नव्हतं. अडचण कुर्डुवाडीला यायची. तिथे मोठी लाइन भेटायची, आणि एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर जात नाही. माल उतरवा, पुन्हा चढवा. पंढरीच्या वारकऱ्यांनी बोचकी डोक्यावर घेऊन गाडी बदलावी. आजूबाजूचा सगळा मुलूख मोठ्या लाइनचा झाल्यावर छोट्या लाइनचे गुण कोण मोजतो? शेवटी तीही टप्प्याटप्प्यानं मोठी झाली.

ओपनसुसेचं कुर्डुवाडी असं होतं. विद्यापीठातून आलेली मुलगी गिट शिकूनच आलेली असते. मूळ प्रोग्राम गिटमध्ये, तिचा अभ्यास गिटमध्ये, तिचे मित्र गिटमध्ये. एका पॅकेजातली एक ओळ दुरुस्त करायची तर आधी ओएससी शिका, शाखा कशा काढतात ते नव्यानं शिका, मग विनंती पाठवा. जुन्यांना हे जड वाटत नव्हतं, कारण ते शिकून बसले होते. आपल्या मंडळात पंचवीस वर्षं जुने कार्यकर्ते ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणतात आणि नवीन कुटुंबं पुढच्या गणपतीला येत नाहीत, त्यातलाच प्रकार. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण न्यूरेंबर्गकरांना कोणी सांगितली नसावी. पण हे कुंपण त्यांनी स्वतः आणि फार निगुतीनं घातलेलं होतं.

हे सगळं चालू असताना २०२४ चा मार्च उजाडला. ‘एक्सझेड’ हा फायली लहान करणारा एक साधा प्रोग्राम. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो. त्याची देखभाल एकच माणूस, थकलेला, फावल्या वेळात करत होता. ‘जिया तान’ या नावानं कोणीतरी मदतीला आलं, दोन-अडीच वर्षं निमूटपणे चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, आणि मग नव्या आवृत्तीत चोरदरवाजा ठेवला. दूरून संगणकात शिरायचा मार्ग. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यानं ते सोडून दिलं नाही, खणत गेला, आणि २९ मार्चला जगाला सांगितलं.

टंबलवीडमध्ये ती आवृत्ती ७ मार्चला शिरली होती. २८ मार्चला मागे घेतली गेली. ज्यांचं यंत्र इंटरनेटवर उघडं होतं त्यांना प्रकल्पानं प्रणाली नव्यानं बसवायचा सल्ला दिला. कंपनीच्या ग्राहकांना दिलं जाणारं स्थिर वितरण यातून वाचलं, कारण तिथे नवी आवृत्ती पोचायला वेळ लागतो. संथपणाचा असाही फायदा.

पण दप्तराच्या दृष्टीनं पाहा. चोरदरवाज्याची लपवलेली सामग्री चाचणीच्या फायली म्हणून मूळ गिटमध्येही पडून होती, पण तिला जागं करणारी ओळ सार्वजनिक गिटमध्ये नव्हती. ती फक्त टारबॉलमध्ये, त्या बांधून पाठवलेल्या गाठोड्यात होती. गिट पाहणाऱ्याला ती दिसली नसती. गाठोडं घेणाऱ्यानं ते सोडून, मूळ नोंदवहीशी ओळीनं ओळ ताडून पाहिलं असतं तरच दिसली असती. सुसेच्या नोंदवहीत गाठोडं कधी आलं, कोणी आणलं, कोणी मंजूर केलं हे सगळं बरोबर होतं. फेरफार कायदेशीर होता. खरेदीखतच बनावट होतं.

गिटवर जायचा विचार याच्या आधीपासूनचा आहे, तेव्हा या घटनेमुळे ते झालं असं कोणी सांगितलं तर मानू नका. आणि गिटवर गेल्यानं हा प्रश्न आपोआप सुटतो असंही नाही. एवढंच होतं, की मूळ लेखकाची नोंदवही आणि वितरणाची नोंदवही एकाच भाषेत असतात. ताडून पाहणं सोपं होतं. ते पाहणारा माणूस मात्र लागतोच.

मग बदललं काय? कारखाना तोच राहिला, दप्तर हललं. गिटच्या नोंदवह्या ठेवण्यासाठी ‘गिटी’ हे मुक्त सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यावर ओपनसुसेचं सोर्सचं नवं घर बांधलं. प्रत्येक पॅकेजाची वेगळी वही. मोठी गाठोडी वहीत कोंबली तर ती फुगेल, म्हणून ती बाजूच्या कोठारात आणि वहीत फक्त त्यांची खूणचिठ्ठी. आख्ख्या वितरणासाठी आणखी एक वही, जिच्यात कुठल्या पॅकेजाची कुठली नोंद धरायची एवढंच लिहिलेलं. म्हणजे गावाचा एकत्रित उतारा. बदल सुचवला की चर्चा तिथेच, मंजुरी तिथेच, आणि कारखाना त्या वहीकडे पाहून बांधायला घेतो.

१ ऑक्टोबर २०२५ ला आलेलं ‘लीप १६’ या नव्या दप्तरातून निघालं. त्याच आवृत्तीत ‘यास्ट’ हे नव्वदच्या दशकापासूनचं, सुसेची ओळख असलेलं बसवण्याचं साधनही निवृत्त झालं. जागी ‘अगामा’ आलं. अगामा हेही एका जातीच्या सरड्याचंच नाव. जुन्या वापरकर्त्यांना यास्टचं जाणं जास्त लागलं, हे मी समजू शकते. पण माझ्या मते मोठी गोष्ट पडद्यामागची होती. फॅक्टरीचं काम त्याहून जिकिरीचं, कारण ती रोज चालू असते. गाड्या धावत असताना रूळ बदलायचे. म्हणून तिथे विभागवार चाललं आहे, आणि ओएससीलाही गिटच्या वहीशी बोलायला शिकवलं आहे, म्हणजे जुन्या हातांना एकदम परकं वाटू नये.

यात एक कळीचा मुद्दा आहे, आणि तो तांत्रिक नाही. कंपनीचे मालक या काळात बदलतच राहिले: नॉव्हेलनंतर २०११ मध्ये अ‍ॅटॅचमेट, २०१४ मध्ये मायक्रो फोकस, २०१९ मध्ये स्वीडनची ईक्यूटी. २०२४ मध्ये तर कंपनीनं समुदायाला ‘ओपनसुसे’ हे नाव बदलण्याचा विचार करा असं सुचवलं. एवढ्या उलथापालथीत स्वयंसेवकाकडे काय उरतं? जुन्या पद्धतीत पूर्ण इतिहास एका सर्व्हरवर होता. गिटमध्ये ज्यानं वही उतरवून घेतली त्याच्याकडे ती पूर्ण असते. कंपनीचा हेतू वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. वीस वर्षं तिनंच या सगळ्याचा खर्च उचलला आहे. पण वारसांपैकी प्रत्येकाकडे फेरफाराची प्रत असेल तर घरात बोलणं जरा वेगळ्या सुरात होतं, हे तुम्हाला माहीत आहे.

आता मराठीचं. लिनक्सवर देवनागरी दिसते ती बऱ्याचदा ‘लोहित’ या फॉन्टमुळे. रेड हॅटनं तो मुक्त केला, आणि त्याची वर्षानुवर्षं निगा राखणारे हात बरेचसे पुण्यातले. असा फॉन्ट, मराठीची शब्दसूची, कळफलकाची मांडणी, हीसुद्धा वितरणातली पॅकेजंच. त्यांच्यामागे पैसे देणारा ग्राहक सहसा उभा नसतो. एखाद्या जोडाक्षरात बिघाड झाला तर तो दिसतो तुमच्या-माझ्यासारख्यांना, दुरुस्त करू शकतो आपल्या घरातला एखादा एरलांगेनला किंवा आखेनला शिकणारा मुलगा, आणि त्याला ते करावंसं वाटेल की नाही हे दारात किती पायऱ्या आहेत यावर ठरतं. इंग्रजी किंवा जर्मनसाठी दहा माणसं पायऱ्या चढून येतील. मराठीसाठी एखादाच येतो.

तर या शनिवारी मुलांना घेऊन एवढं करून बघा. खातं लागत नाही, फक्त ब्राउझर. ओपनसुसेच्या सोर्सच्या घरात जा, शोधाच्या चौकटीत इंग्रजीतून ‘लोहित’ टाइप करा, आणि बदलांची रोजनिशी उघडा. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहा. फार जुनी निघाली, तर मुलांना विचारा पुढची कोण लिहिणार.